सरहद्दीपलीकडची सून

जाफराबादहून चिखलीला किंवा देऊळगाव राजाला निघालेल्या माणसाला आज कोणी परवाना विचारत नाही. एसटीत बसले की मराठवाडा कुठे संपला आणि विदर्भ कुठे सुरू झाला, हे कंडक्टरलाही सांगता येणार नाही. रान तेच, कपाशी तीच. मात्र १८५३ पासून पुढे जवळजवळ शंभर वर्षे या सपाट रानातून दोन राज्यांची सीमा जात होती. केळना आणि पूर्णेच्या संगमावरचे जाफराबाद हैदराबादच्या निजामाकडे, तर बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा हा वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली. वऱ्हाडातला माणूस इकडच्या बाजूला ‘मोगलाई’ म्हणायचा. मालावर जकात घ्यायला निजामाचे करोडगिरीचे नाके होते. इकडे हाली शिक्का चाले, तिकडे कलदार, आणि दोन्ही रुपयांचा भाव सारखा नव्हता. इकडचे सरकारी दप्तर उर्दूत लिहिले जाई. या रेषेच्या दोन्ही अंगांना नातीगोती होती, तेव्हा लग्नाच्या बैठकीत शंभर रुपये ठरले तर ते कुठले, एवढे तरी विचारून घ्यावे लागत असणार.

परदेशी जोडीदाराला घरी आणण्याचा विषय निघाला की डोळ्यांपुढे विमानतळ, वकिलात आणि ऑनलाइन अर्ज येतात. जाफराबादसारख्या गावाला तो प्रश्न त्याहून जुना आहे. सून ‘बाहेरची’ केव्हा ठरते आणि ‘आपली’ झाल्याचा दाखला कोण देतो, हे इथे पासपोर्टाच्या आधीपासून ठरवले जात होते.

वऱ्हाडचे प्रकरण तर कायद्याच्या पुस्तकातही गुंतागुंतीचे. १८५३ मध्ये निजामाने तो मुलूख इंग्रजांकडे सोपवला. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडला. नावाची मालकी निजामाचीच राहिली. म्हणजे चिखलीची मुलगी जाफराबादला नांदायला आली, तर ती परक्या मुलखातून आली की धन्याच्याच एका शेतातून दुसऱ्या शेतात आली, यावर दोन वकिलांचे एकमत होणे कठीण होते. तिच्या सासूला अर्थातच असली शंका कधी आली नसेल.

शंका येई ती नोकरीच्या वेळी. हैदराबाद संस्थानात ‘मुलकी’ आणि ‘गैरमुलकी’ हा वाद जुना होता. उत्तर हिंदुस्थानातून आलेले सुशिक्षित लोक वरच्या जागा पटकावतात, अशी स्थानिकांची तक्रार. ती मिटवायला निजामाच्या फर्मानाने १९१९ मध्ये मुलकी नियम आले. मुलकी कोण? जन्माने संस्थानचा प्रजाजन असेल तो. ठरलेली वर्षे राहून ज्याने तो हक्क मिळवला तो. ज्याच्या जन्माच्या वेळी बाप सरकारी नोकरीत होता आणि त्याची पंधरा वर्षे पुरी झाली तो. आणि चौथे कलम, एका ओळीचे: मुलकी माणसाची बायको. बाकीच्या तिघांना काही ना काही सिद्ध करावे लागे, पत्नीला फक्त नवरा दाखवावा लागे. ती चिखलीची असो की लखनौची, संस्थानच्या नजरेत ती लग्नाच्या दिवशी मुलकी झाली.

याच काळात या राज्याच्या खुद्द राजघराण्यात दोन परदेशी सुना आल्या. तुर्कस्तानने १९२४ मध्ये खिलाफत मोडून उस्मानी घराण्याला देशाबाहेर काढले होते. शेवटचे खलिफा अब्दुलमजीद फ्रान्समध्ये नीस इथे राहत होते. त्यांची मुलगी दुर्रूशेहवार आणि नात्यातली नीलोफर यांची लग्ने १२ नोव्हेंबर १९३१ रोजी नीसमध्ये निजामाच्या दोन मुलांशी लागली. थोरले आझम जाह पुढे ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाले, म्हणजे ज्या वऱ्हाडावर निजामाचा अंमल उरला नव्हता त्याचे युवराज. ज्यांना स्वतःचा देश उरला नव्हता अशा दोन राजकन्यांना हैदराबादने लग्नाच्या वाटेने देश दिला. दोघींच्या नावांची रुग्णालये हैदराबादेत आजही चालतात. नीलोफर यांचा घटस्फोट १९५२ मध्ये झाला आणि त्या फ्रान्समध्येच राहिल्या.

राजवाड्याबाहेरच्या माणसांसाठी त्या काळाचा मुख्य कायदा लंडनमध्ये झालेला होता. १९१४ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्याच्या दहाव्या कलमाचा अर्थ सरळ होता: ब्रिटिश प्रजाजनाची बायको ब्रिटिश प्रजाजन समजायची, परक्याची बायको परकी समजायची. अर्ज नाही, मुलाखत नाही, वाट पाहणे नाही. तिची संमतीही कोणी विचारत नव्हते. हा कायदा पुण्यामुंबईच्या माणसाला लागू होता. संस्थानी प्रजा मात्र ‘ब्रिटिश प्रजाजन’ नव्हती, तिला ‘ब्रिटिश संरक्षित’ म्हणत. त्यामुळे एकाच वर्षी पुण्याच्या आणि जाफराबादच्या दोन तरुणांनी दोन जर्मन मुलींशी लग्न केले असते, तर पुण्याची सून लग्नासरशी ब्रिटिश प्रजाजन झाली असती आणि जाफराबादची झाली नसती.

जाफराबादचा तसा तरुण कागदोपत्री सापडत नाही, पुण्याचा सापडतो. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे कर्ते श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन परतताना लंडनला थांबले होते. तिथे त्यांची एडिथ कोहन या जर्मन ज्यू तरुणीशी ओळख झाली. मग पहिले महायुद्ध आले. जर्मनी शत्रुराष्ट्र आणि केतकर इंग्रजांची प्रजा, त्यामुळे ही गाठ १९२० पर्यंत लांबली. त्या वर्षी त्या हिंदुस्थानात आल्या. दारात अडवणूक झाली ती निराळ्या कायद्याची. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी करायची तर वर आणि वधू या दोघांनाही आपण हिंदू, ख्रिस्ती, ज्यू, मुसलमान वगैरे कोणत्याच धर्माचे नाही असे लिहून द्यावे लागे. जातिसंस्थेच्या इतिहासावर प्रबंध लिहिलेल्या केतकरांनी ती वाट धरली नाही. त्यांनी पोथीतला व्रात्यस्तोम विधी शोधून काढला, एडिथबाईंना त्या विधीने हिंदू करून घेतले आणि त्या शीलवती केतकर झाल्या. हे धर्मप्रेम होते की कायद्यातून काढलेली पळवाट होती, यावर वाद घालता येईल. ज्ञानकोशकार दोन्ही गोष्टींना पुरून उरणारे होते.

शीलवतीबाईंनी विंटरनिट्झच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचे जर्मनमधून इंग्रजी भाषांतर केले. कलकत्ता विद्यापीठाने ते ‘मिसेस एस. केतकर’ या नावाने छापले आणि अनेक अभ्यासकांनी ते वापरले, बाई मूळची कोण याची चौकशी न करता. १९३७ मध्ये नवरा गेल्यावरही त्या इथेच राहिल्या आणि मराठीत आत्मकथन लिहिले, ‘मीच हे सांगितलं पाहिजे’. एवढ्या ठाम नावाचे पुस्तक लिहिणारी बाई केवळ नवऱ्याच्या मागे आली म्हणून प्रजाजन झाली, असे कायद्याला वाटत होते.

केतकरांच्या लग्नानंतर आठ वर्षांनी हाच धर्माचा उंबरठा अधिक गाजावाजाने ओलांडला गेला. बावला खून खटल्यानंतर १९२६ मध्ये गादी सोडलेले इंदूरचे तुकोजीराव होळकर तिसरे यांनी सिएटलच्या नॅन्सी मिलरशी लग्न करायचे ठरवले. शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी नाशिकला तिची शुद्धी केली, धनगर समाजात तिला घेतले गेले आणि १७ मार्च १९२८ रोजी बडवाह इथे ती शर्मिष्ठादेवी होळकर झाली. वर्तमानपत्रांनी महिनेच्या महिने यावर शाई खर्च केली, सनातन्यांनी निषेध केला, समाजसुधारकांनी पाठ थोपटली. कागदाची बाजू मात्र कोणी फारशी पाहिली नाही, आणि ती मोठी विलक्षण आहे. अमेरिकेच्या १९२२ च्या केबल कायद्यात एक खोच होती: नागरिकत्वाला अपात्र अशा परदेशी माणसाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री आपले नागरिकत्व गमावते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना ‘अपात्र’ ठरवून टाकले होते. होळकर संस्थानिक, म्हणजे ब्रिटिश प्रजाजनही नव्हेत. कायद्याचे अक्षर धरले तर नॅन्सीबाईंनी एक देश सोडला आणि दुसऱ्याने त्यांना आपोआप घेतले नाही. त्यांना कोणाचा पासपोर्ट मिळेल, याचे उत्तर शंकराचार्यांपाशी नव्हते. अमेरिकेने ते कलम १९३१ मध्ये काढून टाकले.

त्या मानाने साध्या घरातली, आणि मराठी माणसाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी सून म्हणजे सावित्रीबाई खानोलकर. जन्म १९१३, स्वित्झर्लंडमध्ये, वडील हंगेरियन, आई रशियन, मूळ नाव ईव्ह इव्होन. सँडहर्स्टला शिकणाऱ्या विक्रम खानोलकरांशी त्यांची गाठ पडली, वडिलांनी विरोध केला, तरी काही वर्षांनी त्या हिंदुस्थानात आल्या आणि १९३२ मध्ये लखनौला लग्न झाले. १९१४ च्या कायद्याच्या दहाव्या कलमाने त्या ब्रिटिश प्रजाजन झाल्या. मराठी, हिंदी, संस्कृत मात्र त्यांना कोणत्या कलमाने आले नाही. त्या शिकल्या, महाराष्ट्रातल्या संतांवर त्यांनी पुस्तक लिहिले आणि स्वातंत्र्यानंतर परमवीर चक्राचे चित्र त्यांनीच रेखाटले. देशाचे सर्वोच्च युद्धपदक एका परदेशातून आलेल्या सुनेच्या हातचे आहे. पहिले पदक मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळाले, आणि ते सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर होते.

सगळ्यांनाच जोडीदाराला घरी आणता आले नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनच्या युद्धभूमीवर गेले, तिथे त्यांनी १९४१ मध्ये परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले, १९४२ मध्ये मुलगा झाला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला डॉक्टर गेले. सोलापूरच्या घरी सून नेण्याची वेळच आली नाही. क्वो बाई पुढे अनेकदा भारतात आल्या, कोटणीस कुटुंबाला भेटल्या, पण प्रत्येक वेळी पाहुण्या म्हणून. त्यांचे निधन २०१२ मध्ये झाले.

आणि वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजे यांच्या बाबतीत तर गंमत उलटी झाली. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक मेक्सिकोत जाऊन कृषिशास्त्रज्ञ झाला, मक्याच्या संशोधनाने नावाजला गेला, दिएगो रिव्हेराने त्याला भित्तिचित्रात रंगवले. १९३६ मध्ये त्याने बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी लग्न केले. देश स्वतंत्र झाला. बायको बेल्जियन, मुली मेक्सिकोत जन्मलेल्या, तेव्हा अडचण त्यांची येईल असे कोणालाही वाटेल. व्हिसा आधी नाकारला गेला तो खुद्द खानखोजेंना. इंग्रजांनी तयार केलेल्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते आणि नव्या सरकारच्या कचेरीने ती यादी तशीच पुढे चालवली होती. शेवटी कुटुंब नागपूरला आले. १९६७ मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आले. जाफराबादपुरती वऱ्हाडची जुनी सीमा पुसली गेली, पण तिच्याहून कितीतरी कडक अशी सीमा शेकडो मैल लांब पश्चिमेला उभी राहिली होती आणि ती इथल्या घरांतून जाऊ लागली. हैदराबाद संस्थानातली काही मुसलमान कुटुंबे कराचीला गेली, तिथे हैदराबाद कॉलनी वसली. आतेमामेभावंडांत सोयरीक करणाऱ्या घरांच्या दोन फांद्या दोन देशांत गेल्या. जुलै १९४८ पासून पाकिस्तानातून यायला परवाना लागू लागला. १९५२ च्या ऑक्टोबरात दोन्ही देशांत पासपोर्ट आणि व्हिसा आले.

नवऱ्याच्या मागे बायको आपोआप, हा जुना न्याय इथे मोडला. बिहारमधल्या टेकारीच्या राजघराण्यातली एक राणी जुलै १९४८ मध्ये कराचीला गेली होती. नवरा भारतातच होता. पत्नीचा अधिवास नवऱ्याचाच, तेव्हा मी भारतीयच, असा तिच्या बाजूचा युक्तिवाद होता. बिहार राज्य विरुद्ध कुमार अमर सिंग या खटल्यात १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. पाकिस्तानात स्थलांतर केलेल्यांना नागरिक न मानणाऱ्या राज्यघटनेच्या सातव्या अनुच्छेदापुढे लग्नाचे नाते टिकले नाही. फाळणीनंतरच्या अशा बायकांसाठी पुढे दीर्घ मुदतीच्या व्हिसाची पद्धत रूढ झाली. पाकिस्तानातून लग्न होऊन आलेली स्त्री वर्षानुवर्षे मुदतवाढ घेत राहते, आल्यापासून २४ तासांत पोलिसांत नोंद करते आणि पात्र झाली की नागरिकत्वाचा अर्ज टाकते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द केले, तेव्हा हे दीर्घ मुदतीचे व्हिसा वगळले होते. तरीही ज्या बायकांची मुदतवाढ कुठेतरी टेबलावर पडून होती, त्यांनी ते दिवस कसे काढले असतील याची कल्पना करता येते.

१९५५ चा नागरिकत्व कायदा वाचताना एक गोष्ट खटकते, आणि खटकायलाच हवी. लग्नाच्या आधारे नागरिक म्हणून नोंदणी करण्याची सोय त्यात होती ती ‘भारतीय नागरिकांशी लग्न झालेल्या स्त्रियांना’. इंग्रजी कायद्यातला आपोआपपणा गेला, अर्ज आला, म्हणजे निदान बाईची सही लागू लागली, ही सुधारणा म्हणायची. पण जाफराबादच्या मुलीने परदेशी मुलाशी लग्न करून त्याला इथे आणले, तर त्याला ही सोय नव्हती. घरी आणायची ती सूनच, जावई असा आणतात का, हा गावच्या चावडीवरचा विचार संसदेनेही केला होता. १९८६ च्या दुरुस्तीने ‘स्त्रिया’ या शब्दाच्या जागी ‘व्यक्ती’ आली आणि तिच्याबरोबर पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली. २००३ च्या दुरुस्तीने पाचाची सात वर्षे झाली. जावयाला दार उघडले आणि त्याच वेळी उंबरठा सगळ्यांसाठीच उंच झाला.

बाहेरचे देश याच काळात आपल्या मुलींशी कसे वागले, तेही आठवावे. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर नियोजित वराकडे निघालेल्या एका भारतीय शिक्षिकेची, ती खरोखर अविवाहित आहे का हे ठरवायला, कौमार्य तपासणी केली गेली. गार्डियनने ती बातमी छापल्यावर ब्रिटिश सरकारला तो प्रकार थांबवावा लागला.

महाराष्ट्राच्या राजकारणातही परदेशी सुनेने एकदा मोठी उलथापालथ केली. सोनिया गांधी लग्नानंतर पंधरा वर्षांनी, १९८३ मध्ये, १९५५ च्या कायद्यातल्या लग्नाच्या त्याच कलमाखाली भारतीय नागरिक झाल्या होत्या. १९९९ मध्ये शरद पवारांनी त्यांच्या परदेशी मूळाचा मुद्दा काढला आणि राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष जन्माला आला. त्याच वर्षाच्या अखेरीस दोन्ही काँग्रेस मुंबईत एकत्र सत्तेवर बसल्या होत्या.

आज जाफराबादच्या घरात परदेशी सून किंवा जावई आणायचा तर रस्ता बराच आखलेला आहे. लग्न परदेशात झाले असेल तर त्या देशाचा दाखला अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जाणारा शिक्का मारून आणायचा. भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ मध्ये सामील झाला. इथे करायचे तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने: दोघांपैकी एकजण जिल्ह्यात तीस दिवस राहिलेला हवा, मग तीस दिवसांची नोटीस. ती नोटीस कचेरीच्या फलकावर लागते, आणि तालुक्याच्या गावात फलक वाचणारे रिकामे लोक असतातच. जोडीदाराला एक्स श्रेणीचा, म्हणजे प्रवेश व्हिसा मिळतो. तो १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते. जिल्ह्याचा परदेशी नागरिक नोंदणी अधिकारी म्हणजे पोलिस अधीक्षक. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, त्याआधी या कामाला औरंगाबाद गाठावे लागे. आता बहुतेक अर्ज संगणकावर भरला जातो, पडताळणीला माणूस मात्र घरी येतो. १९२० चा पासपोर्ट कायदा, १९३९ चा नोंदणी कायदा, १९४६ चा परदेशी नागरिक कायदा हे सगळे इंग्रजी अमदानीतले कायदे १ सप्टेंबर २०२५ पासून गेले आणि त्यांच्या जागी एकच नवा कायदा आला.

लग्न नोंदले जाऊन दोन वर्षे अखंड टिकले की जोडीदाराला ओसीआय, म्हणजे ‘भारताचा परदेशस्थ नागरिक’ या कार्डासाठी अर्ज करता येतो. २०१५ च्या दुरुस्तीने ती स्पष्ट तरतूद झाली. भारतात अर्ज केला तर शुल्क १५,००० रुपये. ज्याचे आईबाप किंवा आजेपणजे पाकिस्तानचे अथवा बांगलादेशचे नागरिक होते त्याला हे कार्ड नाही, म्हणजे कराचीच्या फांदीतल्या सुनेला दीर्घ मुदतीच्या व्हिसाचाच रस्ता. घटस्फोट झाला की कार्ड रद्द होऊ शकते. नवऱ्याचा मृत्यू हे मात्र रद्द करण्याचे कारण नाही.

कार्डावर मतदान नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. जाफराबादसारख्या शेतीच्या तालुक्यात जास्त अडते ते दुसरेच. ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही, फार्महाऊसही नाही. चार एकर कपाशीच्या घरात आलेल्या सुनेच्या नावावर बांधालगतचा तुकडा घ्यावा असे सासऱ्याच्या मनात आले तरी दुय्यम निबंधकाकडे ते खरेदीखत टिकणार नाही. वारसाने आलेली जमीन मात्र तिला ठेवता येते. त्यामुळे अशा घरात नवरा गेला, तर दहाव्या-तेराव्याची कामे उरकल्यावर मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला आणि कार्डाची प्रत घेऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचा, नोटीस निघू द्यायची आणि मंडळ अधिकाऱ्याने फेरफार मंजूर केला की सातबाऱ्यावर तिचे नाव लागते.